गटाने अभ्यास आणि 'विकी'



भरलेल्या वर्गात प्रश्न विचारण्याचा अनेकांना धीर होत नाही. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी तर बहुधा गप्पच बसतो. अशांना चार-पाच जणांचा अभ्यासगट आधार देतो. परंतु गटात एकाने राबावे आणि इतरांनी नुसते नाव लावावे, असेही घडते.

यावर 'विकी' हे साधन उपयुक्त आहे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी सुरू केले. यात एकच पान सर्वांनी लिहायचे व सुधारायचे असते. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद 'इतिहास' या भागात राहते. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच पद्धतीने चालतो.

गटाने एक विषय घ्यावा. प्रत्येकाने एक भाग लिहावा, दुसऱ्याचा तपासावा, मग समोरासमोर बसून चर्चा करावी. गुण देताना शिक्षकांनी इतिहास पाहावा. मात्र नोंदी मोजू नयेत, मजकूर वाचावा. म्हणजे अबोल विद्यार्थ्याचे कष्ट झाकले जाणार नाहीत आणि आयते नाव लावणाराही लपणार नाही.

साधन कोणतेही असो, एकमेकांना शिकवल्याशिवाय गट होत नाही, हे ध्यानात ठेवावे.