उपवास आणि उपासमार



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईराची बारा वर्षांची कन्या प्रभूच्या शब्दाने उठते आणि चालू लागते. सारे थक्क होतात. प्रभू येशू मात्र घरच्यांना सांगतो की मुलीला काही खायला द्यावे. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही तिची भूक त्याच्या लक्षात राहते.

आज आम्ही अशाच वाढत्या वयातील मुलांविषयी लिहीत आहोत. वडिवळ्यापासून लोणावळ्यापर्यंत आपल्या घरांत इंद्रायणीचा भात रोज शिजतो, तरी एखादे लेकरू ताटावरून अर्धपोटी उठते. जन्मतःचे लिंग आणि मनातली ओळख जुळत नाही असे ज्यांना वाटते, ज्यांना आपण पारलिंगी म्हणतो, किंवा ज्यांची चालरीत मुलगा-मुलीच्या ठरलेल्या चौकटीत बसत नाही, अशा तरुणांत हा त्रास अधिक आढळतो. अमेरिकेतील सुमारे २ लाख ८९ हजार विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. मागील वर्षभरात खाण्यासंबंधीच्या आजाराचे निदान झाल्याचे पारलिंगी विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ १६ टक्क्यांनी सांगितले. इतर गटांत हे प्रमाण बरेच कमी होते.

असे का होते? वयात येताना शरीर बदलते. काहींना तो बदल असह्य होतो. उपाशी राहिल्याने मासिक पाळी थांबते, शरीराची गोलाई कमी होते, हे मुलीच्या देहात वाढणाऱ्या जिवाला कळते. मुलग्याच्या देहात वाढणाऱ्याला बारीक, नाजूक दिसायचे असते. त्यात शाळेतली चिडवाचिडवी आणि घरातले टोमणे यांची भर पडते. बाकी काही हाती नसले, तरी ताट दूर सारणे हाती असते. पण त्याची किंमत मोठी असते. हाडे ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येते. क्वचित जीवही जातो.

येथे आपण ख्रिस्ती लोकांनी सावध राहावे. उपवासाला आपण पुण्य मानतो. प्रायश्चित्तकाळात न जेवणाऱ्या मुलाचे कौतुक होते. ते आमच्याकडूनही झाले आहे. परंतु उपवासाला विवेकाचे माप हवे, असे संत थॉमस अक्विनास शिकवतो. उपवासाचा नियम ख्रिस्तसभेने १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच लावला आहे. सिएनाच्या संत कॅथरीनला पुढे पुढे अन्नच जाईनासे झाले. इतरांप्रमाणे आपल्याला जेवता यावे म्हणून ती देवाची प्रार्थना करीत असे. १३८० साली, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, तिचे निधन झाले. उपवास देवाकडे आणि शेजाऱ्याकडे नेतो. ही उपासमार मात्र माणसाला स्वतःच्याच देहाचा वैरी बनवते.

कोणी विचारील, लिंगबदलाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वेगळी नाही का? आहे. २०२४ च्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या दस्तऐवजात ती मांडली आहे. त्याच दस्तऐवजाचा पाया असा की प्रत्येक मनुष्याची प्रतिष्ठा कोणत्याही परिस्थितीत अबाधित असते. शिकवणीची चर्चा सावकाश करता येईल. उपाशी लेकराला तेवढा वेळ नसतो.

पालकांनी काय पाहावे? जेवणाच्या वेळी सबबी, जेवताच न्हाणीघरात जाणे, उकाड्यातही सैल जाड कपडे, सतत थंडी वाजणे, पाळी बंद होणे. काय करावे? वजनावरून, चालण्याबोलण्यावरून टोमणे मारू नयेत. बळजबरीने घास भरवू नये. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट खाऊ घालणेही धोक्याचे असते. म्हणून आधी डॉक्टरांकडे न्यावे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. आमचे दारही उघडे आहे. सांगितलेले आमच्यापाशीच राहील.

झुडुपाखाली मरण मागत निजलेल्या एलीयाला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले; पुढची वाट नंतर दाखवली. आपणही तोच क्रम धरू या.

कुटुंबात चिंतनासाठी :
१. आपल्या घरी जेवताना कोणाच्या शरीरावरून थट्टा होते का?
२. आपले मूल वेगळे आहे असे त्याने सांगितले, तर त्याचे ताट आपल्या पंगतीत राहील का?