सुनीत : मुलाचे एक दुर्मिळ नाव



घरात मूल जन्माला आले की आईबापांपुढे पहिला प्रश्न नावाचा उभा राहतो. माहीम, धारावी, माटुंगा लेबर कँप, दादर, नायगाव या भागांतील आपल्या वस्त्यांत मुलांना हाका मारताना ऐका. राहुल, सिद्धार्थ, गौतम, आनंद, मिलिंद, अशोक, नागसेन ही नावे कानावर येतील. मुलींमध्ये सुनीता तर घरोघर सापडेल, आणि ती केवळ बौद्धांच्याच घरी सापडेल असेही नाही. पण सुनीत नावाचा मुलगा शोधू लागलात तर फार हिंडावे लागेल. वास्तविक हे नाव तथागतांच्या संघातील एका थोर स्थविराचे आहे. त्याचा जीवनवृत्तान्त नवदीक्षित कुटुंबांना इतर कोणाहीपेक्षा जवळचा वाटावा असा आहे. म्हणून या पाठात त्या नावाचा विचार करू.

सुनीत हा मगधाच्या राजधानीत, राजगृहात, रस्ते झाडणारा माणूस. लोकांनी घराबाहेर टाकलेला केरकचरा गोळा करायचा, त्याचे ढीग करायचे, टोपलीत भरायचे आणि कावडीने वाहून न्यायचे, हा त्याचा रोजचा धंदा. एके दिवशी पहाटे भगवान बुद्ध भिक्खुसंघासह भिक्षाटनासाठी नगरात शिरले. समोरून एवढा मोठा संघ येताना पाहून सुनीत गोंधळला. लपायला जागा दिसेना. त्याने कावड भिंतीच्या कोपऱ्यात टेकवली आणि स्वतः भिंतीला चिकटून, हात जोडून उभा राहिला. बंधूंनो, आपल्या आजोबा-पणजोबांना असे भिंतीला चिकटून उभे राहणे नवीन नव्हते. गावात कोणी वरचा माणूस समोरून आला की अंग चोरून बाजूला होण्याची सवय त्यांच्या हाडीमांसी खिळली होती. येथे मात्र पुढचा माणूस पुढे निघून गेला नाही. भगवान थांबले आणि त्याच्याशी बोलले. हे हलाखीचे जिणे सोडून संघात येशील काय, असे त्यांनी विचारले. सुनीताने होकार दिला. “ये भिक्खू” एवढ्या शब्दांवर त्याची दीक्षा झाली. कोणी त्याची जात विचारली नाही, कोणता शुद्धीचा विधी केला नाही.

पुढची हकीकत थेरगाथेत स्वतः सुनीताच्या तोंडी आहे. बारा-बारा गाथांच्या निपातात त्याच्या गाथा येतात. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, खायला पुरेसे नव्हते, लोक तिरस्कार करीत आणि आपण मान खाली घालून अनेकांना वंदन करीत असू, हे तो लपवीत नाही. नंतर तो अरण्यात एकट्याने राहिला, शास्त्याने सांगितले तसे वागला, आणि एका रात्रीच्या शेवटच्या प्रहरी त्याच्या अज्ञानाचा अंधार फुटला. सूर्य उगवताना इंद्र आणि ब्रह्मा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले, असे तेथे वर्णन आहे. यावर एखादा उपासक म्हणेल की आपण तर बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, मग इंद्र-ब्रह्मा कशाला? त्या वर्णनाचा रोख नीट पाहावा. तेथे देवांची पूजा नाही, देवच झाडूवाल्याला नमस्कार करीत आहेत. काल जो सगळ्या नगराला वाकत होता त्याच्यापुढे आज कोण वाकतो, एवढेच त्यातून घ्यायचे. ते पाहून भगवान हसले आणि संयम व आत्मदमन यांनीच माणूस ब्राह्मण ठरतो, अशा अर्थाचे बोलले.

सुनीताच्या कामाला पाली भाषेत ‘पुप्फछड्डक’ म्हणतात. पुप्फ म्हणजे फूल, छड्डक म्हणजे टाकून देणारा. सुकलेली फुले, म्हणजे ज्याला आपण निर्माल्य म्हणतो, ते उचलून नेणारा. माहीमच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दादरच्या फुलबाजारात सकाळी उरलेला फुलांचा चिखल कोण उचलतो, हे तो रोज पाहतो. माहीमच्या उपसागराच्या काठी चैत्यभूमी आहे. तेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून तेथेच प्रचंड जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी ६ डिसेंबरला त्या ठिकाणी वाहिलेली फुले कोणाला तरी उचलावीच लागतात. महापालिकेचे सफाई कामगार ती उचलतात, आणि त्यांच्यात आपल्या समाजाची माणसे किती आहेत हे आपण जाणतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा पुप्फछड्डक आपल्यापासून फार दूर नाही. आणखी एक गोष्ट. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले, त्याचे नाव ‘राजगृह’ ठेवले. ज्या नगरीचे रस्ते सुनीत झाडीत होता तिचेच ते नाव.

आता शब्दाचा अर्थ. ‘नी’ म्हणजे नेणे, वाट दाखवून पुढे नेणे. ‘नीत’ म्हणजे नेलेला. त्याला ‘सु’ लागून सुनीत होतो, म्हणजे चांगल्या रीतीने नेलेला, सन्मार्गाला लावलेला. याच धातूपासून नीती, नेता, नायक, विनीत असे कितीतरी शब्द निघाले. भिक्खूंच्या नियमांचे पिटक ते विनयपिटक, त्यातला ‘विनय’ही याच कुळातला. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या आपल्या पूर्वजांच्या नावांच्या शेवटी ‘नाक’ येते. ते नायक शब्दाचे रूप मानणारे अभ्यासकही आहेत, आणि ते खरे धरले तर आपल्या जुन्या नावांचे आणि सुनीताचे नाते आणखी जवळचे ठरते. शाळेत मात्र मुलाला वेगळेच ऐकावे लागेल. मराठीत चौदा ओळींच्या कवितेलाही सुनीत म्हणतात. इंग्रजीतील सॉनेट हा प्रकार केशवसुतांनी मराठीत आणला आणि पुढे त्याला हे नाव रूढ झाले. सॉनेट या उच्चाराशी जुळणारा म्हणून तो शब्द योजला गेला, त्याचा स्थविर सुनीताशी संबंध नाही. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिग्रामी नगर वसविणारा मगधाचा एक अमात्य येतो, त्याचे नाव सुनीध. तोही वेगळा.

नाव म्हणजे हाक मारण्याची सोय, त्यात एवढे काय, असे काही लोक म्हणतात. मनुस्मृतीच्या कर्त्याला तसे वाटले नव्हते. दुसऱ्या अध्यायात त्याने ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असा दंडकच घातला. कचरू, धोंडू, दगडू, उकिरडा ही नावे आपल्या वाडवडिलांनी वागविली. त्यांतली काही नावे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये या भीतीनेही ठेवली जात, आणि ती रीत इतर जातींतही होती, हे खरे आहे. पण इतरांच्या घरी ती अडीअडचणीची रीत होती. आपल्याकडे मात्र ते नाव पाटलाच्या चावडीवर आणखी तोडून, शेवटी ‘या’ लावून हाकारले जाई. माणसाला त्याचे स्थान रोज दाखवून देण्याचे ते साधन होते.

याच्या उलट विनयपिटकात पाहा. पाचित्तिय प्रकरणातील दुसरा नियम अपमानकारक बोलण्याविषयी आहे. एका भिक्खूने दुसऱ्याला त्याची जात, नाव, गोत्र किंवा धंदा यांवरून हिणवले तर तो अपराध ठरतो. त्या नियमाच्या विवरणात लोक कोणती नावे हलकी मानतात आणि कोणते धंदे हलके मानतात, त्यांची यादीच दिलेली आहे. हलक्या मानलेल्या धंद्यांत पुप्फछड्डकाचे काम नाव घेऊन सांगितले आहे. म्हणजे सुनीताला कोणी त्याच्या जुन्या धंद्यावरून बोलू नये, एवढी काळजी नियमातच घेतली गेली. त्याच विवरणात बुद्ध, धम्म आणि संघ यांच्याशी संबंध असलेली नावे उत्तम मानली आहेत. आपण मुलाचे नाव शोधताना राशीचे अक्षर न पाहता हाच निकष लावावा.

मग सुनीत हे नाव मागे का पडले? काही कारणे साधी आहेत. आपल्याकडे मुलीचे सुनीता नाव आधीच रूढ होते, त्यामुळे सुनीत अपुरे वाटते. इंग्रजी ग्रंथांत पाली नाव लिहिताना शेवटी ‘ए’ अक्षर येते, आणि वाचणारा तो सुनीता असा वाचून झाडूवाली बाई समजतो. शिवाय कारकून ऐकतो सुनीत आणि लिहितो सुनील. ज्या नावांना संस्थांचा आधार मिळाला ती मात्र घराघरांत गेली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. त्या इमारतींतून शिकून बाहेर पडलेल्यांनी आपल्या मुलांना तीच नावे दिली, हे स्वाभाविक होते.

पण माझ्या मते खरे कारण याहून खोल आहे, आणि ते बोलायला थोडे जड जाते. आपण निवडलेली बहुतेक नावे राजांची आणि राजपुत्रांची आहेत. सिद्धार्थ राजपुत्र, राहुल त्याचा मुलगा, आनंद शाक्यकुळातला, अशोक सम्राट, मिलिंद यवन राजा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्याचे नाव मिळाले त्यांनी राजाचे नाव घ्यावे, यात मुळीच चूक नाही. तरी सुनीताची गोष्ट सांगितली की घरातले म्हातारे माणूस म्हणते, “अहो, झाडू सोडण्यासाठी आयुष्य घातले, आणि आता नातवाला झाडूवाल्याचे नाव ठेवू?” या प्रश्नाची थट्टा करू नये. ज्याने पहाटे चारला उठून गटारात हात घातला, त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे.

त्याला उत्तर इतकेच की सुनीत हे धंद्याचे नाव नाही. ते नाव घेऊन तो झाडू खाली ठेवून निघाला. सोपाक या नावाची गोष्ट निराळी. तोही थोर, अवघ्या सात वर्षांचा असताना भगवंतांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा. पण त्याचे नाव श्वपाक या जातिवाचक शब्दावरून आलेले दिसते. ते मुलाला ठेवावे असे मी कोणाला सांगणार नाही. सुनीतात तसा कोणताही डाग नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बिंबिसार, अनाथपिंडिक, जीवक यांच्या दीक्षा सांगून झाल्यावर दीनदुबळ्यांच्या दीक्षांना स्वतंत्र भाग दिला. त्यात उपाली न्हाव्याच्या पाठोपाठ सुनीताला जागा दिली. राजांच्या रांगेत त्याला शेवटी उभे केले नाही, त्याचे प्रकरण वेगळे काढले. आपल्या घरी दोन मुलगे असतील तर एकाचे नाव राहुल आणि दुसऱ्याचे सुनीत ठेवायला काय हरकत आहे?

ज्यांना हे नाव ठेवायचे असेल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. नामकरणाच्या दिवशी भिक्खू किंवा बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील आणि मंगलसुत्त म्हणतील. त्यानंतर जमलेल्यांना सुनीताची हकीकत पाच मिनिटांत सांगावी, म्हणजे हे सुनीताचे अर्धे नाव आहे काय, असे आत्याला विचारावे लागणार नाही. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल तर नोंदीपासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. माहीम, दादर आणि धारावीची माणसे त्यासाठी महापालिकेच्या जी उत्तर विभागाच्या कार्यालयात जातात. अर्ज भरताना ‘नी’ दीर्घ लिहावी, इंग्रजीत शेवटी ‘ए’ घालू नये, आणि दाखला हातात पडल्यावर खिडकीपासून हलण्यापूर्वी शेवटचे अक्षर ‘त’ आहे की ‘ल’, ते वाचून घ्यावे.