एक तरफ, तीन कामं : सलग बाण सोडणारं चिनी धनुष्य आणि सहावीचा ‘साधी यंत्रे’ पाठ



सहावीला ‘साधी यंत्रे’ शिकवताना आपण सगळेच तेच ते देतो. अडकित्ता, कात्री, लिंबू पिळायचं यंत्र, विहिरीवरची कप्पी. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. म्हणून मी गेल्या वर्षी तरफेसाठी एक वेगळं उदाहरण घेतलं. सलग बाण सोडणारं चिनी क्रॉसबो. मुलं अक्षरशः बाकावर उभी राहिली!

आणि चौथ्या दिवशी एक आई शाळेत आली. तिच्या मुलाने घरी खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन ‘तसलं’ काहीतरी बनवलं होतं. काडी धाकट्या बहिणीच्या भुवईच्या वर लागली. बोटभर खाली लागली असती तर? ती ताई माझ्यावर ओरडली नाही, फक्त म्हणाली, “मॅडम, तुम्ही शिकवलंत म्हणतोय तो.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाठ बंद करावा असं काही जणांनी सुचवलं. मी तो बंद केला नाही, पण पूर्ण बदलला. पहिल्या वेळी मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता, त्यात बाण धडाधड सुटताना दिसत होते. यंत्र आतून कसं चालतं ते मी सांगितलंच नव्हतं, कारण खरं सांगायचं तर मलाच ते नीट माहीत नव्हतं. एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, याला घोडा कुठाय? मग दोरी सुटते कशी?” मी “ते आतमध्ये असतं” म्हणून वेळ मारून नेली. तिचा प्रश्नच खरा पाठ होता. तो आता तुमच्यापुढे मांडते.

आधी साधं क्रॉसबो समजून घेऊ. लाकडी दांड्यावर धनुष्य आडवं बसवलेलं असतं. दोरी मागे ओढून अडकवायची, बाण ठेवायचा, नेम धरायचा, घोडा दाबायचा. चीनमध्ये अशा क्रॉसबोचा घोडा काशाचा ओतलेला असे. शीआनजवळ सम्राट छिन शी ह्वांगच्या मातीच्या सैन्याबरोबर असे काशाचे घोडे सापडले आहेत. उत्तम काम, पण प्रत्येक बाणाला चार वेगळ्या क्रिया आणि त्यातली दोरी ओढायची क्रिया सगळ्यात जड.

सलग बाण सोडणाऱ्या क्रॉसबोला चिनी भाषेत ‘लिएन-नू’ म्हणतात. त्याचं नंतरच्या काळातलं रूप बघा. दांड्याच्या पुढच्या टोकाला धनुष्य. दांड्यावर एक उभी, अरुंद लाकडी पेटी, तिच्यात दहा-बारा बाण एकावर एक रचलेले. पेटी दांड्याला खिळलेली नाही, ती पुढे-मागे सरकते. पेटी आणि दांडा यांना जोडणारी यू आकाराची एक तरफ असते. तिची दोन टोकं दांड्याच्या दोन्ही बाजूंना खिळीने बसवलेली, मधल्या भागात दुसऱ्या खिळीने पेटी जोडलेली आणि वरच्या टोकाला आपला हात.

इथे फळ्यावर आकृती काढा आणि मुलांना विचारा, टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे? टेकू खाली दांड्यापाशी, भार मध्ये पेटीपाशी, बल वरच्या टोकाला. म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ, आपला अडकित्ताच! समजा टेकूपासून पेटीची खिळी १० सेंटिमीटरवर आहे आणि हात ३० सेंटिमीटरवर. मग हाताला साधारण तिसरा हिस्सा जोर पुरतो. पण हाताला अंतरही तिप्पट कापावं लागतं, ते फुकट मिळत नाही. हे मुलांच्या डोक्यात बसवायला या यंत्राइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, कारण हात केवढा मोठा झोका घेतो आणि पेटी किती थोडी सरकते हे डोळ्यांनी दिसतं.

आता आतलं काम. पेटीच्या तळाशी, दोन्ही बाजूंच्या भिंतींत एक लांबट आडवी फट असते. धनुष्याची दोरी त्या फटीतून आरपार गेलेली असते. फटीच्या मागच्या टोकाला एक खाच. बस्स, एवढंच लक्षात ठेवा, फट आणि खाच.

तरफ पुढे ढकलली की पेटी पुढे जाते. दोरी मात्र जागेवरच असते, म्हणून पेटीच्या हिशेबाने ती फटीतून मागे मागे सरकते आणि शेवटी खाचेत पडते. तोपर्यंत दोरी बाणांच्या खाली आडवी होती. ती खाचेत गेली की वाट मोकळी होते आणि सगळ्यात खालचा बाण आपल्या वजनाने तळाच्या पन्हळीत उतरतो, बरोबर दोरीच्या पुढ्यात. बाण भरायला वेगळा हात लागत नाही, गुरुत्वाकर्षण भरतं. (एका मुलाने लगेच विचारलं, “मग उलटं धरलं तर?” उलटं धरलं तर चालणार नाही. त्याला मी पूर्ण गुण दिले.)

मग तरफ मागे ओढायची. खाचेत अडकलेली दोरी पेटीबरोबर मागे येते, धनुष्य वाकतं, ताण साठतो.

आणि आता त्या मुलीचा प्रश्न. घोडा नाही, मग दोरी सुटते कशी? खाचेत एक छोटी कठीण लाकडाची खुंटी असते. ती वर-खाली हलू शकते आणि तिचं खालचं टोक पेटीच्या तळाबाहेर डोकावतं. तरफ गोलाकार फिरते, सरळ रेषेत नाही. त्यामुळे ओढीच्या शेवटी पेटीचा मागचा भाग दांड्यावर खाली दाबला जातो. दांडा खुंटीला खालून वर ढकलतो, खुंटी दोरीला खाचेतून उचलते, दोरी सुटते आणि समोरच्या बाणाला घेऊन पुढे जाते. टक्! पुन्हा तरफ पुढे, पुन्हा मागे.

एकाच हाताच्या एकाच हेलकाव्यात भरणं, ताणणं, सोडणं ही तिन्ही कामं होतात, आणि ती चुकीच्या क्रमाने होऊच शकत नाहीत, कारण प्रत्येक काम पेटी कुठे आहे त्यावर ठरतं. धातूचा नाजूक भाग एकही नाही. सगळं गावच्या सुताराला जमेल असं. मला स्वतःला ती खुंटी सगळ्यात आवडते. काशाच्या घोड्याचं काम दोन बोटांची लाकडाची खुंटी करते.

बाणांना पिसं नसतात, हे मुलांना शोधू द्या. आधी पिसं असलेल्या बाणाचं चित्र दाखवा आणि म्हणा, असे दहा बाण अरुंद पेटीत एकावर एक रचा बघू. पिसं एकमेकांत अडकतील हे ते स्वतःच सांगतात. मग पुढचा प्रश्न येतोच, पिसं कशासाठी असतात? बाण सरळ जावा म्हणून. म्हणजे इथे वेगासाठी नेम सोडून दिला.

नेम बाकी कारणांनीही जातो. पेटी डोळ्यासमोर उभी, तरफ हलवताना सगळं यंत्र हलतं, आणि ते बहुतेक कमरेशी धरूनच चालवतात. शिवाय धनुष्य कमजोर ठेवावं लागतं. तरफेमुळे जोर कमी लागतो खरा, पण पेटी सरकते ते अंतर थोडं, म्हणून दोरीही थोडीच मागे येते. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. दोन्ही लहान, मग बाणाला मिळणारी ऊर्जाही लहान.

हे माझं मत नाही. सोंग यिंगशिंग नावाच्या चिनी लेखकाने १६३७ साली ‘थिएनगोंग खायवू’ या ग्रंथात या यंत्राचं वर्णन केलंय. पेटीत दहा बाण, पल्ला वीस-बावीस पावलं (त्यांचं पाऊल मोठं, म्हणजे तीसेक मीटर धरा), जोर अगदी कमी. पुढे तो स्पष्ट लिहितो की हे घरात चोरांपासून रक्षणाचं साधन आहे, सैन्याचं हत्यार नव्हे. राल्फ पेन-गॅल्वे या इंग्रज लेखकाने १९०३ च्या पुस्तकात उपयोगी पल्ला ८० यार्ड, म्हणजे सुमारे ७३ मीटर दिलाय, आणि दहा बाण सुमारे १५ सेकंदांत सुटतात असंही. दोघांच्या आकड्यांत फरक आहे, कारण धनुष्यं सगळी सारख्या ताकदीची नव्हती. मुलांना दोन्ही आकडे द्या, भांडू द्या!

आणखी एक दुरुस्ती, माझ्याच पहिल्या पाठाची. मी वर्गात सांगितलं होतं की याचा शोध झूगे लियांगने लावला. तो शू राज्याचा प्रसिद्ध मंत्री, इ.स. १८१ ते २३४. त्याच्या नावावरून या क्रॉसबोला ‘झूगे-नू’ म्हणतातही. पण हूबेई प्रांतात छिनजियाझुई इथे एका थडग्यात सलग बाण सोडणारं क्रॉसबो सापडलंय, ते इ.स.पूर्व ४ थ्या शतकातलं. म्हणजे झूगे लियांगच्या कितीतरी शतकं आधीचं. त्याची रचना वेगळी, पेटी जागेवर घट्ट, आणि एका वेळी दोन बाण सुटणारं. शिवाय झूगे लियांगच्या क्रॉसबोबद्दलच्या जुन्या नोंदीत दहा बाण ‘एकदम’ सुटत असं म्हटलंय. एकदम दहा आणि एकामागून एक दहा ही दोन वेगळी यंत्रं झाली. त्याने जुन्या यंत्रात सुधारणा केली एवढंच म्हणणं बरोबर. वहीत मी मुलांना ती ओळ खोडायला लावली.

वेळ उरला तर ग्रीकांचं उदाहरण जोडा. अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने ऱ्होड्स बेटावर असंच सलग बाण टाकणारं मोठं यंत्र केलं होतं, सायकलच्या चेनसारख्या साखळीवर चालणारं. फिलोने त्याचं वर्णन केलंय आणि तक्रारही, की बाण सगळे एकाच जागी पडतात, मग उपयोग काय? चिनी यंत्राचा नेम लागत नाही म्हणून तक्रार, याचा फारच लागतो म्हणून!

आता मी वर्गात काय करते ते. धनुष्य अजिबात बनवत नाही. ट्यूब, रबर, टोकदार काडी यांपैकी काहीही टेबलावर येत नाही. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांना तळाशी फट आणि मागे खाच कापून अरुंद पेटी करते. बाण म्हणजे खडू. दांडा म्हणजे लाकडी फूटपट्टी. खुंटी म्हणजे गूल काढलेली आगकाडी. दोरी लोकरीची, तिची दोन टोकं दोन मुलांच्या हातात. ते दोघं म्हणजे धनुष्य. तिसरा पेटी पुढे-मागे करतो. पेटी खाली दाबली की लोकर खाचेतून उसळते आणि खडू जेमतेम बोटभर पुढे सरकतो. खालचा गेला की वरचा खाली येतो, कॅरमच्या सोंगट्यांच्या चळतीतली खालची सोंगटी स्ट्रायकरने उडवल्यावर होतं तसं. खाच फार खोल कापू नका, लोकर अडकून बसते. माझ्या तीन पेट्या त्यात वाया गेल्या.

पालकहो, मूल घरी येऊन “आम्ही आज धनुष्य शिकलो” म्हणालं तर घाबरू नका आणि नुसतं रागावूही नका. त्याला खुंटीचं काम विचारा. सांगता आलं तर पाठ कळलाय. आणि घरात रबर ताणून काही बनत असेल तर तिथेच थांबवा आणि मला फोन करा.

त्या मुलाने यंदा स्वतः पुठ्ठ्याची पेटी करून आणली. दोरी धरायला त्याने वर्गातलं कुणी घेतलं नाही. मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गातून बहिणीला बोलावून आणलं.