कार्यालयातील प्रकाश : उत्पादकतेचा दुर्लक्षित घटक

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या निवासी वस्तीत घराच्याच एखाद्या खोलीत कार्यालय थाटले जाते. राहण्यासाठी बांधलेल्या खोलीतील एकुलता एक दिवा दिवसभराच्या लेखनवाचनाला पुरेसा असतोच असे नाही. श्रमाच्या अर्थशास्त्रात या बाबीचा विचार आवश्यक ठरतो.

प्रकाश व कार्यक्षमता

पृष्ठभागावर पडणारा प्रकाश ‘लक्स’ या एककात मोजतात. भारतीय मानक 3646 नुसार सर्वसाधारण कार्यालयासाठी 300 ते 750 लक्स प्रकाश अपेक्षित आहे. तो अपुरा असल्यास डोळ्यांवर ताण येतो; संगणकाच्या पडद्यावर खिडकीची तिरीप पडल्यासही तोच परिणाम होतो. डोळ्यांतील विशिष्ट पेशी प्रकाशाची सूचना मेंदूतील जैविक घड्याळास देतात. त्यामुळे सकाळचा सूर्यप्रकाश दिवसा सतर्कता व रात्री शांत झोप यांस साहाय्यभूत ठरतो.

हॉथॉर्नचा धडा

शिकागोनजीकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1927 या काळात प्रकाशविषयक प्रयोग झाले. प्रकाश बदलला नव्हता त्या गटाचेही उत्पादन वाढल्याने, निरीक्षणाखाली असण्याचाच हा परिणाम असल्याचे मानले गेले. तथापि लेव्हिट व लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा या प्रभावाचा पुरावा क्षीण आढळला. परीक्षार्थींनी या प्रयोगाच्या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात.

खर्च व लाभ

उदाहरणादाखल, 20 वॅटची एलईडी नळी रोज 8 तास याप्रमाणे 25 दिवस लावल्यास 4 युनिट वीज लागते. युनिटचा दर 10 रुपये धरला, तरी खर्च 40 रुपये होतो. तितक्याच तासांसाठी मासिक 15,000 रुपये वेतन घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या एका तासाचे मोल 75 रुपये आहे. म्हणजेच महिन्याभरात त्याचा अर्ध्या तासाहून किंचित अधिक वेळ वाचला, तरी खर्च भरून निघतो. परंतु विजेचे देयक मालकाला दिसते. कर्मचाऱ्याची डोकेदुखी कोणत्याही हिशेबात नोंदली जात नाही.

कायद्याची मर्यादा

कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 17 मध्ये पुरेशा प्रकाशाची तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्येही ती आहे. मात्र ही संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. चार-पाच जणांचे कार्यालय तिच्या कक्षेबाहेर राहते.

अशा ठिकाणी मेज खिडकीला काटकोनात ठेवणे, भिंतींना फिकट रंग देणे व मेजावर स्वतंत्र दिवा पुरविणे हे अल्पखर्चिक उपाय मालकाच्याच हिताचे आहेत. कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे हा हिशेब तरी पोहोचावयास हवा.