आजोबांची हत्यारं आणि वर्गीकरणाचा पाठ



तुमच्या घरात हातोड्या किती आहेत? एकदा मोजून बघा. बल्लारपूरला माझ्या माहेरी 7 निघाल्या. पटाश्या 11, पान्हे 36, करवती 5. आणि तरीही भिंतीत एक खिळा ठोकायचा म्हटलं की आई खलबत्त्यातला बत्ता घेऊन यायची, कारण वेळेला एकही हातोडी सापडायची नाही!

आज मी जो उपक्रम सांगणार आहे, तो या पसाऱ्यातूनच सुचला. वर्गीकरण, मोजमाप, अपूर्णांक आणि काटकोन हे चारही घटक त्यात येतात. पण आधी तो का करावा लागला, ते सांगते.

एवढी हत्यारं आली कुठून?

माझे आजोबा गडचिरोलीकडच्या एका खेड्यात सुतार होते. बंडी, वखर, नांगर आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी ते करायचे. बाबा बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आजोबांचे रंधे, वाकस, गिरमिट घरी आले. बाबांनी स्वतःच्या पैशानं घेतलेले पान्हे, कानशी, पक्कडी होत्याच. तिसरा भाग सगळ्यात मोठा. एखादी वस्तू सापडली नाही, की बाबा आठवडी बाजारातून दुसरी आणायचे. मग पहिली सापडायची आणि दुसरी हरवायची. म्हणजे हत्यारं जास्त झाली ती गरजेमुळे नाही, जागा ठरलेली नसल्यामुळे. आपल्या वर्गातल्या खडूंचं आणि कात्र्यांचंही असंच होतं, नाही का?

मागच्या पावसाळ्यात माझ्या चौथीतल्या मुलानं नंदीचं चाक बसवायला हातोडी शोधत चुंगडीत हात घातला. आत पटाशी उघडी होती. तळहाताला 3 टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. त्या दिवशी बाबांनी खोलीला कुलूप लावलं. ओरडले नाहीत, काही बोललेही नाहीत. तान्हा पोळा आला, नंदी तीन चाकांवरच राहिला. मुलगा म्हणाला, "मला नाही न्यायचा." जखम आठवड्यात भरली, पण नातू आणि आजोबा दोघंही त्या खोलीला घाबरायला लागले.

खंडेनवमीला कुलूप उघडलं. चार हत्यारांना हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली आणि सगळं परत चुंगडीत गेलं. तेव्हा वाटलं, वर्षातून एकदा पूजा करायची आणि उरलेले दिवस गंजू द्यायचं, हा कसला मान? दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघांनी ती खोली लावायला घेतली.

पायरी 1 : सगळं बाहेर काढा आणि मोजा

अंगणात ताडपत्री अंथरली. चुंगडी मोठ्यांनीच रिकामी करायची, तीही जाड हातमोजे घालून आणि हात आत न घालता. आम्ही चुंगडी आडवी करून बुडाकडून हळूहळू उचलली. मुलगा दूर बसून ताळ्याच्या खुणा करत होता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एकूण किती आहे हे कागदावर आलं, की घरातला अर्धा वाद मिटतो. "आपल्याकडे हातोडी नाही" असं मग कोणी म्हणू शकत नाही.

पायरी 2 : गट करा, पण निकष मुलाला ठरवू द्या

मुलानं आधी लहान-मोठं असे गट केले. मी चूक म्हटलं नाही. फक्त विचारलं, "खिळा उपटायचा असेल तर कोणत्या गटात शोधशील?" तो थांबला. दोन्ही गटांत शोधावं लागणार होतं. मग त्यानं स्वतःच निकष बदलला आणि हत्यार काय काम करतं ते बघू लागला. सहा गट पडले.

- मापणे : टेप, गुण्या, ओळंबा
- कापणे : करवत, पटाशी, वाकस
- घासणे : रंधा, कानस
- ठोकणे : हातोडी, मोगरी
- धरणे : पक्कड, शिकंजा
- फिरवणे : पान्हा, पेचकस, गिरमिट

गंमत नखाच्या हातोडीनं केली. ती ठोकते आणि खिळा उपटतेसुद्धा. कोणत्या गटात ठेवायची? बाबा म्हणाले, "ज्या कामाले जास्त लागते, तिथं ठेव." एक वस्तू दोन गटांत बसू शकते, पण तिची जागा एकच असावी लागते. हा मुद्दा वर्गात मी कितीतरी वेळा फळ्यावर सांगितला असेल, मुलाला तो ताडपत्रीवर पाच मिनिटांत कळला.

पायरी 3 : पान्ह्यांवरून अपूर्णांक

36 पान्ह्यांत मिलिमीटरचे आणि इंचाचे एकत्र झाले होते. मिलिमीटरचे मुलानं पटकन लावले : 8-9, 10-11, 12-13. इंचाच्या पान्ह्यांवर मात्र 3/8, 7/16, 1/2, 9/16, 5/8 असे आकडे. त्यानं 7/16 सगळ्यात शेवटी ठेवला, कारण "16 मोठा आहे".

हीच चूक आपल्या वर्गातही होते. मी सांगितलं, सगळ्यांचे छेद 16 कर. मग 6/16, 7/16, 8/16, 9/16, 10/16 अशी सरळ रांग लागली. नंतर पान्ह्यांची तोंडं एकमेकांवर ठेवून त्यानं ती तपासली. उत्तर बरोबर आहे हे बाईंना विचारावं लागलं नाही, लोखंडानंच सांगितलं.

बाबांनी त्यात भर घातली. सुतारकामात 1 इंचाचे 8 सूत धरतात, म्हणजे 3/8 इंच हे 3 सूत. आणि 1/2 इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्या नटाला 12 चा पान्हा लागत नाही, 13 चा लागतो पण किंचित ढिला. घट्ट नटावर असा पान्हा घसरतो, नटाचे कोपरे जातात आणि हातही सोलतो. "म्हणून माप मिसळायचं नाही," बाबा म्हणाले. त्या खोलीबद्दल ते कितीतरी महिन्यांनी मोकळेपणानं बोलत होते.

पायरी 4 : तपासा आणि दुरुस्त करा

*गुण्या :* सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ मारा. गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर कोन 90 अंशांचा आहे. फाकल्या तर गुण्या चुकीचा, आणि त्याची चूक त्या फटीच्या निम्मी. वर्गातल्या कंपासपेटीतला त्रिकोणही असाच तपासता येतो.

*दांडे :* आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि हातोडीचं डोकं हलायला लागतं. बरेच जण ती पाण्यात बुडवतात. लाकूड फुगून ती घट्ट होते खरी, पण वाळली की पुन्हा ढिली, आधीपेक्षा जास्त. योग्य उपाय म्हणजे नवी पाचर. हलत्या डोक्याची हातोडी मुलाच्या हातात कधीच देऊ नका.

*गंज :* साध्या व्हिनेगरमध्ये लोखंडी भाग रात्रभर ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुवा, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. लाकडी दांडा व्हिनेगरमध्ये बुडवू नका.

*जवसाचं तेल :* दांड्यांना ते उत्तम. पण ज्या चिंधीनं तेल लावलं, ती गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. चिंधी बाहेर मोकळ्या जागी सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आपल्या भागातला उन्हाळा लक्षात घेता हे प्रत्येक घरी माहीत हवं.

पायरी 5 : जास्तीचं काय करायचं?

ही सगळ्यात अवघड पायरी. मी तीन ढीग सुचवले : ठेवायचं, द्यायचं, भंगार. बाबा म्हणाले, "काही द्यायचं नाही. कामी पडते."

मी वाद घातला नाही. प्रत्येक हत्यार उचलून फक्त विचारत गेले, "हे शेवटचं कधी वापरलं?" बरीच उत्तरं आली. आजोबांचा रंधा उचलला तेव्हा उत्तर आलं नाही. त्याच्या लाकडावर अंगठा टेकायच्या जागी खळगा पडलेला आहे. बाबांनी त्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, मग नातवाचा ठेवला.

तेव्हा चौथा ढीग झाला : आठवणीचं. अट एकच, एका लाकडी पेटीत मावेल एवढंच. त्या पेटीत रंधा, वाकस आणि आजोबांची एक हातोडी गेली. आठवणीला स्वतःची जागा मिळाली, आणि बाकीच्या लोखंडावरची बाबांची मूठ आपोआप सैल झाली. पालकांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा पसारा आवरताना हे विसरू नका. आपण पसारा म्हणतो, त्यात त्यांचं आयुष्य असतं.

शेवटचा हिशेब असा. हातोड्या 7 : 3 ठेवल्या, 1 पेटीत, 3 दिल्या. पटाश्या 11 : 4 ठेवल्या, 5 दिल्या, 2 भंगार. पान्हे 36 : 13 ठेवले, 14 दिले, तोंडं झिजलेले 9 भंगार.

दिले कोणाला? आमच्या गल्लीतला एक मुलगा आयटीआयत फिटरचा कोर्स करतो. बाबांनी त्याला बोलावून प्रत्येक पान्हा कसा धरायचा हे दाखवून दिला. आता तो रविवारी येतो, शिकायला.

जगात हे काम संस्था करूनही चाललं आहे. ब्रिटनमध्ये 1979 पासून 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स' ही संस्था लोकांकडची जास्तीची हत्यारं गोळा करून, दुरुस्त करून आफ्रिकेतल्या कारागिरांना पाठवते. अमेरिकेतल्या बर्कले शहरात त्याच वर्षापासून सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकासारखी हत्यारंही नेता येतात. आपल्या शाळेच्या कपाटात अशी एक पेटी आणि एक नोंदवही ठेवणं फार कठीण नाही. आणि तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे पालक सुतार किंवा लोहार असतील, तर 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना त्यांना सांगा. तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

पायरी 6 : प्रत्येकाला एक जागा

भिंतीवर जुनी प्लायची फळी लावली. हत्यार फळीवर ठेवून मुलानं पेन्सिलनं कडा गिरवली, आत पिवळा रंग भरला. रिकामी पिवळी आकृती दिसली, की कोणतं हत्यार परत आलेलं नाही हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. कारखान्यांत हीच पद्धत असते. जपानी कारखान्यांतली प्रसिद्ध पंचसूत्रीही हेच सांगते : नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा, पद्धत ठरवा आणि ती पाळा.

मापायची हत्यारं मुलाच्या हाताला येतील अशी खाली. धारेची वर, आणि प्रत्येक धारेवर जाड कापडाची टोपी. खोलीला आता कुलूप नाही. नियम आहे : धारेचं हत्यार आजोबा समोर असतील तरच.

वर्गात कसं घ्याल?

शाळेत धारेची हत्यारं आणायची गरज नाही. पळी, चमचे, झारा, लाटणं, चिमटा आणा. कामानुसार गट, खुणांनी मोजणी आणि कडा गिरवून जागा ठरवणं हे सगळं त्यावर होतं. गावातल्या एखाद्या सुतारकाकांना एक तास वर्गात बोलवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचं सांगितलं आहे. आणि आपल्या शेजारच्या वर्ध्यात तर ऑक्टोबर 1937 च्या परिषदेतच गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला होता. 'कार्यानुभव' हा विषय वेळापत्रकात आहेच, तो तास गणिताला देऊन टाकण्याऐवजी गणितच त्या तासात आणता येतं.

मुलांना विचारायचे प्रश्न

1. एकच वस्तू दोन गटांत बसत असेल, तर तिची जागा कशी ठरवाल?
2. 5/8 आणि 9/16 यांत मोठा कोण? पान्हा न बघता सांगा.
3. तुमच्या घरी एकाच कामाच्या किती वस्तू आहेत? त्या जास्त का झाल्या?
4. तुमच्या आजी-आजोबांच्या आठवणीच्या पेटीत काय असेल? त्यांना विचारून या.

दिवाळीच्या शेवटच्या दिवशी नंदीचं चौथं चाक बसलं. नातवानं माप घेतलं, आजोबांनी करवत धरली. पोळा अजून खूप दूर आहे, पण तो नंदी रोज संध्याकाळी गल्लीत फिरतो. आईचा बत्ताही परत खलबत्त्यात गेला आहे.