फोटोतली खोली वेगळी, मिळालेली वेगळी

प्रश्न : मुलीच्या परीक्षेसाठी पुण्याला गेलो होतो. ॲपवरून स्वस्तातलं लॉज आगाऊ पैसे भरून बुक केलं. फोटोत स्वच्छ खोली. प्रत्यक्षात मळक्या चादरी, ढेकूण, गरम पाणी नाही. मॅनेजर म्हणाला, "पैसे परत नाहीत." बिलही दिलं नाही. आता पुण्याला कोण खेटे घालणार?
– एक वाचक, देवणी

उत्तर : पुण्याला जायची गरजच नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे तुमच्यासाठी लातूर. ही मोठी सोय आहे आणि गावाकडच्या माणसाला ती कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

आधी ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निपटारा करायचा असतो. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाहीच मिटलं तर आयोगात लॉज आणि ॲप दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतील. खोलीसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षांची. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, ते तक्रारीत आवर्जून लिहा.

खोलीचे फोटो काढले असतील तर जपा. ॲपवरच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट मात्र आजच घ्या. तिथले फोटो कधीही बदलले जातात.