कागद सगळे होते, जागेचा नव्हता

महिन्याभरापूर्वी माझ्याच गाडीपाशी उभं राहून "ताई, थालीपीठ झकास" म्हणणारे साहेब त्या संध्याकाळी म्हणाले, "ओ बाई, बाजूला व्हा." दोन वर्षं झाली, पण ते "ओ बाई" अजून कानातून जात नाही.

तवा तापलेला, पाच-सहा गिऱ्हाइकं थांबलेली. अतिक्रमण विभागाची गाडी येऊन उभी राहिली, तशी मी फाईल काढली. शॉप ॲक्ट, एफएसएसएआयची नोंदणी, टेम्पोत केलेला बदल आरटीओनं आरसीवर चढवलेला, निळ्या सिलिंडरची पावती, सगळं होतं. साहेबांनी फाईल हातातसुद्धा घेतली नाही. "हे काय विकता त्याचं झालं. इथं उभं राहायचा कागद कुठंय?"

मी पहिल्या पानापासून पुन्हा चाळत गेले. पत्ता होता, तो घराचा. गाडी कुठं लावायची, ते एकाही कागदावर नव्हतं.

आणि हे मी विचारलं नव्हतं असं नाही! कर्ज काढण्याआधी तीन वेळा वॉर्ड ऑफिसात गेले होते. खिडकीवर एकच उत्तर, "आधी गाडी तयार करा, मग बघू." मी विश्वास ठेवला.

त्या संध्याकाळी टेम्पो उचलून नेला, तो नऊ दिवस गोदामात होता. भाजणी, लोणी, दही सगळं वाया गेलं. मोठं पातेलं परत मिळालंच नाही. काय काय उचललं त्याची यादीच दिली नव्हती, मग तक्रार कशाच्या जोरावर करणार? हप्ता मात्र पाच तारखेला कापला गेला.

पुढं एका संघटनेच्या काकांनी 2014 चा पथविक्रेता कायदा समजावला. जप्त मालाची सही केलेली यादी देणं बंधनकारक आहे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत सोडायचा असतो. हे त्या साहेबांना माहीत नसेल? मला नाही पटत.

म्हणून या धंद्यात येणाऱ्यांना सांगते. गाडीला रंग देण्याआधी जागेचं बघा. विक्री प्रमाणपत्रासाठी अर्ज करा, नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी कोण आहेत ते शोधा आणि त्यांना भेटा. दुसऱ्याचं प्रमाणपत्र भाड्यानं देणारे एजंट भेटतील. मलाही भेटला, महिना सहा हजार मागत होता. त्याच्या नादी लागू नका, प्रमाणपत्र भाड्यानं देणं कायद्यानं चालत नाही. गाडी उचलायला आलेच, तर हुज्जत घालू नका. आतल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, यादी मागा, आणि माल सोडण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. घरगुती लाल सिलिंडर चुकूनही ठेवू नका, त्यांना आयतं कारण मिळतं. हाताशी चार महिन्यांचे हप्ते ठेवा. स्वच्छता पाळा, धीर सोडू नका.

मी आता शनिवार-रविवार एका सोसायटीच्या आवारात गाडी लावते. कमिटीचा लेखी ठराव फाईलमध्ये पहिल्या पानावर आहे. प्रमाणपत्राचा अर्ज अजून पडून आहे. विचारलं की सांगतात, सर्वेक्षण व्हायचंय.

शेवटचं एकच. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि पोचेवर शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी तीनदा सोडली होती.